तांब्याच्या नळ्यांचा हंगाम

संक्रांत जवळ आली की पुण्यात सकाळची बरी थंडी पडते आणि मी स्वेटर चढवून बाल्कनीत कॉफी घेऊन बसते. परवा तशीच बसले होते. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी सुरू केली आणि असा काही आवाज उठला की समोरच्या इमारतीवरची कबुतरं भर्रकन उडाली. वरच्या मजल्यावरचे काका ओरडायला कठड्याशी आले, सोसायटीचे सेक्रेटरी चपला शोधायला लागले, आणि मी? मी कॉफी तशीच टाकून लिफ्टकडे धावले. या वयात जेवढं धावता येतं तेवढं.

गाडी निखिलची होती. हा तळमजल्यावर राहतो, रोपवाटिका चालवतो, कुंड्या आणि माती वाहायला त्याने एक पिकअप ठेवली आहे. मला येताना बघून बिचारा आधीच हात जोडून उभा राहिला. "आजी, सॉरी. आवाज जास्त झाला ना? धुराच्या नळ्यांचा नवा हेडर बसवलाय."

"आवाजाचं राहू दे रे. नळ्या केवढ्या लांब आहेत ते सांग."

त्याचं तोंड उघडंच राहिलं. मग त्याने बॉनेट उघडलं. चकचकीत पोलादी नळ्या, इंजिनाच्या कुशीतून एकेक सुटी निघालेली, वळणं घेत खाली जाऊन एकमेकींना मिळालेली. मी चष्मा सावरून वाकून बघत राहिले. निखिल म्हणाला, "हायवेला काय पळते, आजी! पण माती भरली आणि सिग्नलवरून निघायचं म्हटलं की जरा मरते. खालची ओढ गेली थोडी."

"जाणारच," मी म्हणाले, आणि मला हसू आवरेना. ही तक्रार मी कुंभकोणमला ऐकली होती. मराठीत ऐकली होती, तमिळमध्ये ऐकली होती, आणि दोन्ही भाषांतल्या शिव्यांसकट ऐकली होती. तेव्हा निखिलच्या आईचाही जन्म झाला नव्हता.

आम्ही तंजावरकडचे मराठी. पूर्वजांपैकी कुणीतरी दरबारच्या चाकरीसाठी दक्षिणेत गेलं आणि तिथलंच झालं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. पुण्याला लेकीकडे राहायला आल्यावर माझं बोलणं ऐकून लोक आधी हसले, मग कौतुक करायला लागले. त्या कौतुकाचाच मला जास्त राग यायचा. आता मी इथल्यासारखं बोलते आणि लिहिते. पण ती तै आठवली की तोंडात जुनीच भाषा येते. तै म्हणजे आमच्याकडचा संक्रांतीपासून पुढचा महिना. मार्गळी, म्हणजे तैच्या आधीचा महिना, सरते, दारातल्या रांगोळ्यांमधली भोपळ्याची फुलं दिसेनाशी होतात, आणि साऱ्या मुलखात कापलेल्या भाताचा वास सुटतो. गावात शिरणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर पेंढ्याचा चुरा उडत असतो. डोक्यात, कॉफीत, अंथरुणात, जिकडेतिकडे भात.

मी त्या घरात सून म्हणून येऊन वर्षच झालं होतं. तंजावरला माझ्या माहेरी संगीत होतं, तंबोरे होते, आणि दारं बंद असायची. सासरी कुंभकोणमला दारं उघडी होती आणि अंगणात एक पिकअप उभी होती. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ती लष्कराच्या लिलावातून आणली होती. अमेरिकन गाडी, पण स्टिअरिंग आपल्याकडच्यासारखं उजवीकडे, सहा सिलिंडरांची, पुढे माणसं बसायला केबिन आणि मागे उघडा हौदा. रंग लष्करी हिरवा, त्यावर ह्यांनी हौसेने निळा चढवलेला. उन्हात दोन्ही दिसायचे. ह्यांना दुसरं काही सुचत नसे. इंग्रजी चांगलं येत होतं, पण वाचायचे ते फक्त रद्दीवाल्याकडून आणलेली अमेरिकन मोटारींची मासिकं.

आणि मला काय हवं होतं ते सांगून टाकते. मला त्या गाडीची पुढची सीट हवी होती. तिरुनीलक्कुडीला आमची शेती होती. तिकडे जाताना हे मला सोबत घेऊन जायचे, सासऱ्यांचं जेवण पोचवण्याच्या निमित्ताने. डबा माझ्या मांडीवर, खिडकी पूर्ण खाली, दोन्ही बाजूंना भात आणि केळी, कालव्यावर बगळे. वारा सरळ तोंडावर. माहेरी मी जग गजांमधून पाहिलं होतं. इथे ते माझ्याकडे धावत येत होतं आणि मी मोठ्याने हसत होते. एवढं साधं सुख होतं आणि मला ते सोडायचं नव्हतं.

सोडायची वेळ मात्र आली होती. माझे सासरे, आम्ही त्यांना मामंजी म्हणत असू, यांना गाडी मुळीच पसंत नव्हती. थोरल्या दिरांनी मद्रासला ह्यांच्यासाठी एका कचेरीतली जागा पाहून ठेवली होती. मामंजींनी मार्गळीतच निकाल सांगितला. "वेंकू, ही तै मी बघतों. बंधाऱ्याचा चढ तुझी गाडी भरल्या भातानें चढली, तर राहूं दे. नाहीं चढली, तर विकून टाक आणि मद्रासला जा. अस्कें ठरलें." अस्कें म्हणजे सगळं.

तो चढ म्हणजे काय ते सांगायला हवं. आमचं खळं नदीच्या अंगाला, खाली. रस्ता बंधाऱ्यावर, वर. मधे एक तिरका, अरुंद, मातीचा चढ. भाताच्या पोत्यांनी भरलेल्या बैलगाड्या तो चढायच्या, पण जास्तीची जोडी लावून. आमची पिकअप अर्ध्या हौद्यानेही निम्म्यात रडायला लागायची. धुराची एक उचकी, मग दुसरी, आणि बंद. मद्रासला जिथे राहावं लागलं असतं ते बिऱ्हाड मी एकदा पाहिलं होतं. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, आणि एकुलत्या एका खिडकीसमोर शेजारच्या घराची भिंत.

ह्यांच्या डोक्यात नळ्या शिरल्या त्या तेव्हाच. एका मासिकात चित्र होतं. ह्यांनी ते स्वयंपाकघरात आणून माझ्या पोळपाटावर ठेवलं. "हें बघ, कमळा. आपल्या इंजिनाला काय दुखतें कळलें मला. श्वास घेतें, सोडवत नाहीं." मग मला समजावून सांगितलं, आणि ते मला आजही तसंच्या तसं येतं. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधून जळका धूर बाहेर पडतो. कारखान्यातून येते ती गाडी स्वस्तात बनवलेली, म्हणून साऱ्या सिलिंडरांचा धूर एकाच ओतीव लोखंडी पेटीत ढकलून दिलेला. एकाचा धूर बाहेर यायला बघतो तोच दुसऱ्याचा समोरून अंगावर येतो. उत्सवाच्या दिवशी देवळाच्या एकाच दारातून सगळ्यांनी बाहेर पडायचं म्हटलं तर काय होईल, तसं. आत जुना धूर उरतो, नवी हवा कमी शिरते, ताकद घटते. प्रत्येकाला स्वतःची वेगळी नळी दिली आणि त्या पुढे जाऊन नीट जोडल्या, तर एकाचा धूर जाता जाता मागच्याला ओढून नेतो. इंजिन मोकळं होतं.

"मग कसाला थांबलेत?" मी म्हणाले. "करा की!"

अशा नळ्या मद्रासला मिळत नव्हत्या, कुंभकोणमला तर कोण विचारतो. पण कुंभकोणमला दुसरं काही मिळालं नाही तरी भांडी करणारे मिळतात. पात्रांच्या गल्लीत गोविंदस्वामी होता. पन्नाशीचा, पोट सुटलेला, सदा पान तोंडात. घागरी, हंडे, देवळाच्या मिरवणुकीत फुंकतात ती वाकडी लांब शिंगं, सगळं तो घडवायचा. ह्यांनी चित्र दाखवलं तेव्हा त्याने ते उलटं धरलं, सुलटं धरलं आणि तमिळमध्ये विचारलं, "हे फुंकणार कोण?"

"इंजिन फुंकेल," हे म्हणाले.

बस्स. एवढ्यावर तो माणूस पेटला. त्याला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं आणि ह्यांना तांब्यातलं. दोघं दिवसभर एकमेकांवर ओरडायचे आणि संध्याकाळी एकाच पानदानातून पान खायचे. लोखंडी नळ्या वळवायची सोय त्याच्याकडे नव्हती, म्हणून तांबं ठरलं. पत्रा गुंडाळायचा, सांधा पितळेने जोडायचा, नळीत वितळलेली राळ ओतायची, ती गोठली की लाकडी ठोकळ्यावर हळूहळू वाकवायची. राळ आत असल्यामुळे नळी चेपत नाही. वळण जमलं की तापवून राळ ओतून काढायची. मी डबा घेऊन जायची आणि तिथेच रेंगाळायची. राळेचा वास, भात्याचा सुस्कारा, आणि लालभडक तांब्याला येणारी बाक. मला इतका आनंद व्हायचा की जेवणाचा डबा देऊन परत निघायचं भान राहत नसे.

नळ्या बसवल्या त्या सकाळी गल्ली गोळा झाली होती. ह्यांनी गाडी सुरू केली. आवाज म्हणजे काय! घोगरा, मोकळा, छातीत धडकणारा. एका आजींनी कानावर हात ठेवून देवाचं नाव घेतलं. ह्यांनी पाय दाबला, इंजिन तापलं, आणि नळीच्या तोंडातून चांदीचे थेंब उडायला लागले. खरेखुरे, चकाकणारे, रस्त्यावर पडून टप्पकन गोठणारे. लोक आधी मागे सरले आणि मग वेचायला धावले. हे इंजिन बंद करून खाली वाकून बघतात तो काय, नळ्यांना आतून कल्हई!

"गोविंदस्वामी! कल्हई कुणी लावायला सांगितली होती?"

गोविंदस्वामी दुखावला. "सांगायचं काय त्यात? तांब्याची वस्तू कल्हईशिवाय माझ्या दुकानातून बाहेर गेली तर लोक काय म्हणतील? कुणाच्या पोटात गेलं म्हणजे?" इंजिनाच्या धुराला तांब्याची बाधा होऊ नये म्हणून त्या माणसाने सहाही नळ्या आतून झकास कथलाच्या केल्या होत्या. मी गाडीला टेकून इतकी हसले की माझा अंबाडा सुटला. पुढे दोन दिवस गाडी थुंकत राहिली आणि मग कल्हई संपली.

त्यानंतर आम्ही मायावरमच्या रस्त्याला रिकामी गाडी घातली. ती सकाळ मी विसरणार नाही. आधी ती गाडी कुरकुरत पळायची. आता एका वेगानंतर तिला कुणीतरी मागून ढकलत आहे असं वाटायचं. पाय दाबावा तशी ती पुढे झेपावायची. केळीच्या बागा भुर्रकन मागे. हे ओरडत होते, मी ओरडत होते, आणि आम्ही एकमेकांचं काही ऐकत नव्हतो. कार्बुरेटरचं भोक ह्यांनी सुईने किंचित मोठं केलं होतं, कारण हवा जास्त शिरायला लागली म्हणजे पेट्रोलही जास्त लागतं, नाहीतर इंजिन फटफटतं. मला वाटलं झालं. मद्रास टळलं. मी मनातल्या मनात विठ्ठलाला साखर बोलून मोकळी झाले.

आणि खळ्यावर पोती भरून चढाला लावली, तर गाडी आधीपेक्षा खाली बंद पडली.

मामंजी बंधाऱ्यावर काठी टेकून उभे होते. "ओरडते फार," ते म्हणाले. "ओढत नाहीं."

ह्यांचा चेहरा मला बघवेना. दोन दिवस हे नळ्या काढून मोजत बसले. मग एकदम पहाटे उठून बसले. नळ्या आखूड आणि जाड झाल्या होत्या. आखूड, जाड नळी धुराला पळताना मोकळीक देते, पण इंजिन हळू फिरत असलं की तिच्यात धूर आळसावतो, मागच्याला ओढत नाही. ओझं चढवायला लांब, बारीक नळी हवी. ही गोष्ट परवा निखिलला मी सांगितली तेव्हा तो म्हणाला, आजी, तुम्ही इंजिनियर होता का? मी म्हटलं, नाही रे, मला नुसती मद्रासला जायची भीती होती.

गोविंदस्वामीने लांब नळ्या केल्या. कल्हई न लावता. मन मारून.

लांब नळ्यांनी गाडी सुधारली हे खरं. भरली असतानाही ती आता निम्म्या चढापर्यंत यायची. पण निम्म्यातच थांबायची, रोज, त्याच जागी. तै संपत आली. शेजाऱ्यांचं भात बैलगाड्यांनी निघून गेलं. आमच्या खळ्यावर शेवटची रास तेवढी राहिली. रोज गाडी भरायची, रोज ती थांबायची, रोज पोती उतरवून डोक्यावरून वर न्यायची. खळ्यावरची माणसं गाडीच्या नकला करायला लागली होती. हे अंगणात बसून पुन्हा पुन्हा सांधे तपासायचे.

मी रोज केबिनमध्ये बसत होते. बघत होते आणि त्याहून जास्त ऐकत होते. माहेरी तंबोरा जुळवताना वडील म्हणायचे, आधी कान लाव, मग हात. इंजिन हळू फिरताना त्या नळ्यांचा आवाज सैल असायचा, पुटपुटल्यासारखा. मग एका जागी तो एकदम घट्ट व्हायचा, श्रुती लागल्यासारखा, आणि त्याच क्षणी गाडी अंगात आल्यासारखी ओढायची. त्या जागेच्या वर इंजिन ठेवलं तर ताकद आहे, खाली आलं तर नाही. मला ते ऐकू येत होतं. ह्यांनाही येत असणार. पण चढाच्या पायथ्याशी आलो की दर वेळी एकच गोष्ट व्हायची.

मामंजी वरून हाक मारायचे, "थांब! दम घेऊं दे तिला!"

आणि हे थांबायचे. मामंजींनी आयुष्यभर बैल हाकले होते, आणि त्या मुलखात त्यांच्यासारखा बैल राखणारा दुसरा नव्हता. चढाच्या आधी जोडी थांबवायची, मानेवर हात फिरवायचा, दम घेऊ द्यायचा, मग सावकाश, न मारता वर न्यायची. ह्यांना गाडी हाकायला त्यांनीच शिकवलं होतं, बैलगाडी. ती सवय ह्यांच्या पायात बसली होती. वर वडिलांची हाक. मग पिकअपही पायथ्याशी थांबायची, दम घ्यायची, सावकाश निघायची आणि निम्म्यात मरायची. मामंजींना गाडी नको होती, पण तिचे हाल व्हावेत असंही त्यांना वाटत नव्हतं. त्यांच्या दयेनेच ती बंद पडत होती, आणि हे मी कुणाला सांगू? सासऱ्यांना सून सांगणार, की तुम्ही हाक मारू नका? ह्यांना म्हणून पाहिलं. हे म्हणाले, "बाबांनीं थांब म्हण्टल्यावर पाय पुढें जात नाहीं गे."

खळ्यावरच्या शेवटच्या दिवशी आभाळ भरून आलं. तैमधला पाऊस म्हणजे उघड्यावरच्या भाताचा घात. माणसं घाईने पोती भरत होती. त्यातच ह्यांनी एक सांधा फुसफुसतो आहे असं वाटून, इंजिन तापलेलं असताना, डावा हात नळीवर ठेवला. ठेवला काय, चिकटलाच. ओरडले ते मी बंधाऱ्याच्या पलीकडून ऐकलं आणि धावत खाली आले. तळवा भाजून निघाला होता. कुणी केळीचं कोवळं पान बांधलं, कुणी लोणी आणायला धावलं. गिअरचा दांडा डाव्या हाताचा. त्या हाताने तो धरणं शक्यच नव्हतं.

हौदा पोत्यांनी भरलेला. आभाळ काळं. बैलगाडी एकही मोकळी नाही. वर मामंजी. मला कळलं की त्यांच्या मनात निकाल लागला आहे. ह्यांनाही कळलं. हे मातीत उकिडवे बसून आपल्या हाताकडे बघत होते आणि ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते हाताचं नव्हतं.

मला चालवता येत होती. गेल्या उन्हाळ्यात, साक्कोट्टैच्या पुढच्या कापणी झालेल्या रानात, हेच मला शिकवत होते. घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मी पदर खोचला, केबिनमध्ये चढले आणि दार ओढून घेतलं. हे ताडकन उठले. "कमळा!"

"मागें दगड घेऊन या," मी म्हणाले. "घसरली तर चाकाखालीं घाला."

खळ्यावरची माणसं पोती टाकून उभी राहिली. मी गाडी सुरू केली आणि ती लांब मागे नेण्याऐवजी खळ्यावरच मोठा वळसा घेऊन चढाच्या सरळ रेषेत आणली. मग पाय दाबला. सैल आवाज, सैल, अजूनही सैल. पायथा जवळ येत होता. वरून हाक आली.

"थांब! दम घेऊं दे!"

सून होऊन वर्ष झालं होतं. मामंजींच्या शब्दापुढे मी कधी मान वर केली नव्हती. आणि सगळं गाव बघत होतं. माझा पाय एक क्षण हलका झाला, हे मी नाकारत नाही. तेवढ्यात खालचा आवाज घट्ट झाला. श्रुती लागली. मी पाय पूर्ण खाली दाबला.

गाडी चढाला भिडली ती उडीच मारून. पोती मागे धडधडली. नळ्या गर्जत होत्या, सारी केबिन थरथरत होती, माझे दात वाजत होते. निम्मा चढ आला, ती रोजची मरायची जागा, आणि इंजिन मेलं नाही! मागची चाकं थोडी घसरली, माती उडाली, ह्यांची आरोळी ऐकू आली, "सोडूं नको! सोडूं नको!" मी कसली सोडते. मामंजी हात वर करून रस्त्यात उभे होते; ते बाजूला झाले. पुढची चाकं बंधाऱ्यावर आली, मग मागची, आणि समोर एकदम सगळं आभाळ, आणि गाडी सपाट रस्त्यावर उभी. मी ब्रेक दाबला. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि मी दोन्ही करत होते.

खाली खळ्यावर माणसं नाचत होती. हे धापा टाकत वर आले आणि भाजलेला हात विसरून टाळी वाजवायला गेले आणि कळवळले. मामंजी गाडीजवळ आले. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, चटका बसला तरी थोडा वेळ तसाच ठेवला. माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, कारण आता काहीतरी बोलणी बसणार हे मला ठाऊक होतं.

"पोतीं लौकर उतरवा," ते माणसांना म्हणाले. मग मला, "खालीं अजून एक खेप आहे, कमळा. पाऊस यायच्या आंत आण."

म्हणजे मद्रास गेलं. खिडकी राहिली. मला ते कळायला एक श्वास लागला. आणि दुसऱ्या श्वासाला कळलं की बंधाऱ्यावर गाडी वळवायला जागा नाही. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला शेत. खाली जायचं तर त्याच अरुंद चढावरून उलटं, मागे मागे. साक्कोट्टैच्या त्या रानात आम्ही गोल फिरून परत यायचो. उलटी गाडी मला येत नव्हती.

"मामंजी," मी म्हणाले, "मला मागें जातां येत नाहीं."

हे पुढे झाले, पण एका हाताने काय करणार. शेवटचं पोतं उतरलं आणि पावसाचा पहिला थेंब काचेवर पडला. मामंजींनी काठी एका माणसाच्या हातात दिली, धोतर सावरलं आणि पलीकडचं दार उघडलं. इतक्या महिन्यांत त्यांनी त्या गाडीला पाय लावला नव्हता. आता ते माझ्या नेहमीच्या सीटवर बसले, पाठ फिरवून, मागच्या झरोक्यातून चढाकडे बघत.

"तूं नुसती सोड," ते म्हणाले. "मागचें मी बघतों."

ह्यांनी खिडकीतून दाखवला तसा मी उलटा गिअर टाकला आणि ब्रेकवरचा पाय उचलला.